आई गेल्यानंतरची पहिली दिवाळी, मावशीच्या घरी

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीत राहणाऱ्या एका ताईंची बहीण फेब्रुवारीत गेली. आठ वर्षांची भाची जूनपासून त्यांच्याकडे आहे, शाळाही इथलीच. मुलीचे वडील साताऱ्यात कारखान्यात पाळीने काम करतात, दिवाळीला येणार का म्हटलं की "बघतो" म्हणतात. ताईंच्या घरी नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. डोंबिवलीचा भाऊ दरवर्षी भाऊबीजेला येतो. सासूबाई म्हणतात, आपल्या घराला दुखवटा नाही, दिवाळी नेहमीसारखी होऊ दे. साताऱ्याची आजी म्हणते, पोरीची आई जाऊन वर्ष झालं नाही, तिला नवे कपडे कसले घालता? ताईंनी विचारलंय, दिवाळी करायची की नाही, आणि भाऊबीजेला या मुलीने काय करायचं?

ताई, रूढीच्या हिशोबाने दोन्ही आज्या बरोबर आहेत. बहीण गेली म्हणून तुमच्या सासरच्या घराला वर्षभर सण वर्ज्य होत नाही. मुलीच्या वडिलांच्या घरी मात्र यंदा कढई चढणार नाही, आकाशकंदील लागणार नाही. अडचण अशी की मुलगी एकाच वेळी या दोन्ही घरांची आहे. तिच्या एका घरी सण आहे, एका घरी नाही, आणि त्यात आपण कुठे उभं राहायचं हे तिला कोणीच सांगितलेलं नाही. म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून घेते. दिवाळी होणारच आहे, शेजारच्या दारात कंदील लागला की ती तुमच्या घरात शिरणारच. कोणत्या दिवशी आपण काय करणार, कोण येणार, कोण येणार नाही, हे त्या मुलीला आधी ठाऊक असेल का, हा खरा प्रश्न आहे.

नातेवाइकाचं मूल वाढवणाऱ्या कुटुंबांसोबत काम करताना सणाच्या दिवसांत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं अचानकपणामुळे बिघडलेलं दिसतं. वडील न कळवता येतात किंवा ऐन वेळी येत नाहीत. कोणीतरी सगळ्यांसमोर आईचा विषय काढतं. पहाटे अंधारात उठवून तेल लावायला घेतात आणि मूल हात झटकून रडायला लागतं. दुःख टाळता येत नाही, धक्के टाळता येतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमची भाची आठ वर्षांची आहे, म्हणजे मरण कायमचं असतं हे तिला कळतं आणि तिला विचारून ठरवता येतं. चार वर्षांच्या मुलाला इतके पर्याय देऊ नयेत, त्याला नेहमीची झोपेची वेळ आणि नेहमीचं माणूस पुरे. आई-वडील हयात असून वेगळे झाले असतील, तर आईचा फोटो आणि दुखवटा यांबद्दल मी पुढे जे लिहिलंय ते लागू नाही, भेटी आणि फोनबद्दलचं लागू आहे. वडिलांना दारूचं व्यसन असेल तर घरी मुक्कामाला बोलावण्याऐवजी वाशीच्या सागर विहारसारख्या उघड्या जागी, दिवसाउजेडी, दोन तासांची भेट ठरवावी. कोर्टाने भेटीच्या वेळा लावून दिल्या असतील तर सणासाठी त्या परस्पर बदलू नयेत. तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही.

आता पहिलं काम, आणि ते दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी करायचं. मुलीसोबत निवांत बसा, शक्यतो फक्त तुम्ही दोघी. "तुला दिवाळी करायची आहे का?" असं विचारू नका. या प्रश्नाला आठ वर्षांचं मूल खरं उत्तर देऊ शकत नाही. "हो" म्हटलं तर आईला विसरल्यासारखं वाटतं, "नाही" म्हटलं तर मावसभावाची दिवाळी आपल्यामुळे बुडाली असं वाटतं. त्याऐवजी विचारा, "साताऱ्याला दिवाळीत तुम्ही काय काय करायचात? आई काय करायची?" ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐका, चुकीचं आठवत असेल तरी दुरुस्त करू नका. मग तिला म्हणा, यातली एक गोष्ट आपण इथे अगदी तशीच करू, कोणती ते तू सांग. एकच. आईचं सगळं जसंच्या तसं करायला गेलं की प्रत्येक गोष्टीत आईची जागा रिकामी दिसत राहते. काहीच केलं नाही तर मुलीला वाटतं की इथे आईचं नावही काढायचं नसतं. एक गोष्ट तिला पेलते. कदाचित ती रांगोळीतले ठिपके म्हणेल, कदाचित पायरीवर ठेवायच्या पणत्यांची संख्या. क्षुल्लक वाटलं तरी तेच करा.

त्यानंतर वहीच्या एका पानावर सहा दिवस लिहून फ्रिजवर लावा: वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. तिथी जोडून आल्या की दोन दिवस एकत्र येतात, तेवढं कालनिर्णयमध्ये बघून घ्या. प्रत्येकापुढे दोन ओळी पुरतात, सकाळी काय आणि घरी कोण येणार. अक्षर मुलांचं असू दे.

फराळाचं बघू. दुखवट्याच्या घरी तळण करत नाहीत, पण नातेवाइकांनी त्या घरी फराळ नेऊन द्यायचा असतो, हा आपला जुना रिवाज आहे. तुमच्या दोन आज्यांमधला वाद सुटायला मला हीच वाट दिसते. तुमच्या घरी फराळ होईल आणि त्यातला एक डबा साताऱ्याला जाईल, मुलीने स्वतः भरलेला. तिच्या वडिलांच्या घराचा दुखवटा पाळला गेला, तुमच्या घरचा सणही राहिला, आणि दोन्हीकडे मुलीला काम मिळालं. साताऱ्याच्या आजीला हे फोनवर तुम्हीच सांगा, मुलीला निरोप्या करू नका. नव्या कपड्यांबद्दल आजीला विचारा की रंग कोणता चालेल. बहुतेक वेळा आक्षेप भडक रंगाला, जरीला असतो, कपड्याला नसतो. साधा सुती फ्रॉक किंवा कुर्ता यावर तडजोड होते.

डब्यासाठी मुलीने करायचा पदार्थ म्हणून मी शंकरपाळे सुचवते. चकलीचा सोऱ्या आठ वर्षांच्या हाताला दाबत नाही, करंजीचं सारण फुटून तळणीत सांडतं. शंकरपाळ्याचं लाटणं आणि कातण्याने कापणं ती पूर्णपणे स्वतः करू शकते. अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळवा, मग मिश्रण पूर्ण गार होऊ द्या आणि चिमूटभर मीठ घालून त्यात मावेल तेवढा मैदा भिजवा, साधारण अडीच वाट्या लागतो. मिश्रण गरम असताना मैदा घातला की गोळा चिकट होतो आणि मूल कंटाळतं. तूप हात सैल सोडून घातलं तर शंकरपाळे तेलात विरघळतात. तळण तुम्ही करा, मंद ते मध्यम आचेवर, मोठ्या आचेवर वरून लाल होऊन आत कच्चे राहतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, सादळतात. डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा घ्या. चकल्या द्यायच्या असतील तर त्या वर ठेवा आणि मधली पोकळी कागदाने भरा, नाहीतर प्रवासात चुरा पोचतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटेबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तिथेच मुलं कोसळतात आणि घरच्यांना कारण कळत नाही. अभ्यंगस्नान म्हणजे स्पर्श आहे. अंगाला तेल, पाठीला उटणं, केसांतून फिरणारा हात, हे सगळं तिच्या बाबतीत आठ वर्षं बहुधा एकाच माणसाने केलंय. दुसऱ्याचा हात तितकाच प्रेमाचा असला तरी तिचं अंग तो वेगळा असल्याचं ओळखतं. म्हणून आदल्या रात्री विचारा, "उद्या तेल मी लावू, आजी लावेल, की तू स्वतः लावशील?" ती "मी स्वतः" म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका. अर्धी वाटी कोमट तिळाचं तेल, दोन मोठे चमचे उटणं आणि ते भिजेल इतकं दूध तिच्या हाती द्या, तुम्ही फक्त पाठीपुरती मदत विचारा. उठवायची वेळही आधी सांगा. सूर्योदयाआधी आंघोळ झालीच पाहिजे म्हणून झोपेतून ओढून काढू नका, अर्धा तास उशीर झाल्याने काही अडत नाही. कारीट फोडायचं काम दोन्ही मुलांना एकत्र द्या, ठाण्यात जांभळी नाक्यावर दिवाळीच्या तोंडावर ती मिळतात. ओवाळताना आधी मोठा, मग धाकटी, असा वयाचा क्रम ठेवा. "आधी पाहुणी" असं चुकूनही होऊ देऊ नका. पाहुणी ठरलेलं मूल घरात रुजत नाही.

त्या दिवशी राम मारुती रोडला किंवा तलावपाळीला दिवाळी पहाटेला जायचं का? यंदा नको, असं माझं मत आहे. ढोल, मोठा आवाज, रेटारेटी आणि हजारो हसरे चेहरे यांत दुःखातलं मूल एकटं पडतं, आणि घरी जायचंय असं म्हणायलाही घाबरतं. तुमच्या मुलाला जायचं असेल तर त्याने बाबांबरोबर जावं, त्याचा सण कापू नका.

किल्ला मात्र जरूर करा. नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये कोपऱ्याला जागा मिळते, फक्त आधी ऑफिसात विचारून घ्या, नाहीतर बांधून झालेला किल्ला पार्किंगसाठी हलवायला सांगतात आणि नको तो प्रसंग होतो. साताऱ्याच्या मुलीला अजिंक्यतारा बांधू द्या. रोज डोक्यावर दिसणारा डोंगर तिला माहीत आहे, तुमच्या मुलाला नाही, म्हणजे या एका कामात ती सांगणारी आणि तो ऐकणारा. घरात नव्या आलेल्या मुलाला अशी जागा क्वचित मिळते. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, एवढं मावसभावाला पाटीवर लिहायला द्या. विटा-दगड रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका, वर मातीचा थर द्या आणि वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी अळीव पेरा. पाणी हाताने शिंपडा, ओतू नका. अळीव पाण्याने बुळबुळीत होऊन कुजतं आणि माती घसरते.

लक्ष्मीपूजनाला आईच्या फोटोचं काय, हा प्रश्न येईल. देवाऱ्यात फोटो ठेवत नाहीत, ते सासूबाईंना खटकेल आणि त्यासाठी भांडू नये. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर किंवा तिच्या हाताला पोचेल अशा कप्प्यात फोटो ठेवा, कोणता ते तिला निवडू द्या. बहुतेक मुलं हार घातलेला मोठा फोटो निवडत नाहीत, सहलीतला हसणारा निवडतात. संध्याकाळी पूजेआधी तिथे एक पणती. लावायची की नाही ते तिने ठरवायचं. लावून ती लगेच फुलबाज्यांकडे पळाली तर मोठ्यांनी एकमेकांकडे बघू नये. मुलं तुकड्यातुकड्यानं शोक करतात. पाच मिनिटं रडून सहाव्या मिनिटाला हसणं हे त्यांच्या वयाला धरूनच आहे.

आता वडील. "बघतो" हे उत्तर मुलीपर्यंत पोचू देऊ नका. त्यांच्याशी तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी स्पष्ट बोला, पाळीचं वेळापत्रक कधी लागतं ते विचारा, आणि सहा दिवस मागू नका, पाडवा मागा. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते तशी मुलगीही वडिलांना ओवाळते, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या येण्याला घरात हक्काची जागा आहे. लक्ष्मीपूजनाला आले तर तुमच्या घरच्या पूजेत ते अवघडून बसतील. तिकीट हातात येईपर्यंत मुलीला "बाबा येणार" असं सांगू नका. सांगायचं ते असं: "बाबा यायचा प्रयत्न करतायत. आले तर पाडव्याला तू त्यांना ओवाळायचंस. रजा मिळाली नाही तर पाडव्याला सकाळी दहाला व्हिडिओ कॉलवर ओवाळायचं, आणि डबा आपण पाठवायचा." दुसरा बेतही पहिल्याइतकाच पक्का हवा, ताम्हण, निरांजन, कुंकू सगळं मांडून. नुसता "बाबांशी बोल" म्हणून फोन हातात दिला की मुलं गप्प होतात. फोन घेऊन किल्ला दाखवायला खाली जाऊ द्या, बोलणं आपोआप होतं. पंधरा मिनिटं भरपूर झाली.

वडील आलेच, तर तीन गोष्टी त्यांना आधी सांगून ठेवा. पहिली, निघताना मूल झोपलेलं असताना गुपचूप जायचं नाही. रडेल म्हणून आपण तसं करतो, पण मग ते मूल पुढच्या भेटीत झोपतच नाही. जागेपणी, पुढच्या फोनची वेळ सांगून निघावं, रडली तर रडू द्यावं. दुसरी, "पुढच्या वर्षी तुला घरी नेतो" असं वचन द्यायचं नाही, ते तुमचं तिघांचं बोलणं होऊन ठरल्याशिवाय. तिसरी भेटवस्तूबद्दल. अपराधी वाटणारे वडील सायकल घेऊन येतात आणि शेजारी उभ्या असलेल्या मावसभावाच्या हातात चॉकलेट येतं. किंमत नको, पण काय आणणार ते आधी कळवायला सांगा. मोठी वस्तू असेल तर ती वाढदिवसाला द्यावी. तुमच्या बाजूने दोन्ही मुलांचे कपडे एकाच फेरीत, साधारण सारख्या किमतीत घ्या, आणि उघडायचे तेही एकाच वेळी.

भाऊबीजेला ती तुमच्या मुलाला ओवाळेल, यात शंका घेण्यासारखं काही नाही. मावसभाऊ हा भाऊच. फक्त तुमच्या मुलाने ओवाळणी स्वतःच्या हाताने घालावी, त्याच्या खाऊच्या पैशांतली असेल तर अधिक चांगलं. अवघड जागा वेगळीच आहे, आणि ती लक्षात येत नाही. डोंबिवलीचा मामा दरवर्षी दोन बहिणींची भाऊबीज करायचा. यंदा तो तुमच्यासाठी साडी आणेल आणि मुलगी बघत असेल की दुसरी पिशवी नाही. भावाला आधी फोन करा आणि सांगा की दुसरी भाऊबीज थांबवू नकोस, ती भाचीला दे, आणि देताना म्हण, "ही तुझ्या आईची." मुलीसाठी त्या वाक्याचं मोल वस्तूपेक्षा जास्त आहे. मामाला रक्कमच द्यायची असेल तर दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावे पोस्टात सुकन्या समृद्धी खातं निघतं, वर्षाला किमान 250 रुपये भरून चालू राहतं. मात्र ते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकालाच उघडता येतं. मावशीला येत नाही, त्यामुळे ते वडिलांनी उघडायला हवं. पाडव्याला येतील तेव्हा कागद घेऊन यायला सांगा.

माणसं घरी येतील तेव्हा दोन शब्दांबाबत जपा. "बिचारी" हा एक. सासूबाईंना हे सुनेने सांगितलेलं आवडेल न आवडेल, म्हणून ते यजमानांनी सांगावं, आणि त्याच वेळी उटणं भिजवणं किंवा ताम्हण लावणं यातलं एखादं मानाचं काम त्यांच्याकडे द्यावं. दुसरा शब्द "आई". पाहुण्यांसमोर "आता हीच तुझी आई, आई म्हण" असं कोणी म्हणालं तर तुम्हीच हसून म्हणा, "ती मला मावशी म्हणते, तेच छान वाटतं." तिच्या तोंडून आपसूक आई आलं तर ओ द्या, विषय करू नका. लिफ्टमधल्या चौकशांसाठी तिला एक तयार वाक्य द्या: "मी मावशीकडे राहते, इथल्या शाळेत आहे." त्यापुढे उत्तर द्यायची तिच्यावर सक्ती नाही, हेही सांगा.

एवढं सगळं झेपणार नाही असं वाटलं, तर फ्रिजवरचं पान, पाडव्याचा पक्का बेत आणि मामाला फोन, ही तीन कामं कराच. बाकीचं जमेल तसं.

भाऊबीजेनंतरच्या आठवड्यावर नजर ठेवा. सणात शहाण्यासारखं वागलेलं मूल पाहुणे गेल्यावर चिडचिड करतं, पोट दुखतं म्हणतं, क्वचित रात्री अंथरूण ओलं होतं. ओरडू नका, दिवसाचा नेहमीचा क्रम परत आणा, रात्री थोडा वेळ जवळ बसा. साताऱ्याला न्यायचं असेल तर भाऊबीज झाल्यावर सुटीतच न्या आणि शाळा उघडायच्या दोन दिवस आधी परत आणा, एसटीचं आरक्षण लवकर करा. तिथे आईचं कपाट, आईचे कपडे समोर येतील, म्हणून तुम्ही सोबत जा. तीन-चार आठवड्यांनीही झोप आणि जेवण सुरळीत झालं नाही, शाळेत जायला ती ठाम नकार देत राहिली, तर वाट न बघता बालसमुपदेशकाला दाखवा. रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. स्वतःला संपवण्याबद्दल ती काही बोलली तर त्याच दिवशी समुपदेशकाला दाखवा.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध येईल. त्याची तारीख साताऱ्याहून आत्ताच विचारून ठेवा आणि मुलीला डिसेंबरमध्येच सांगा. त्या विधीत ती बसणार की नाही, हेही तिलाच विचारायचं आहे.